अभेद्य डबीची कुरकुर

जगात कुणालाही उघडता येणार नाही अशी डबी आमच्याकडे तीन वर्षं बनत होती, आणि त्या तीन वर्षांत आमच्याकडचं दुसरं काहीही धड उघडत नव्हतं. स्वच्छतागृहाचं दार खांद्याने ढकलावं लागे. खिडकीची खिटी गंजून बसली होती. स्टोअरच्या कपाटाची किल्ली हरवल्यापासून त्याची मागची फळी काढून आम्ही सामान घेत होतो. डिजिटल संपत्तीच्या सुरक्षेवर संशोधन करणारी संस्था ती हीच.

डबी काडेपेटीहून जरा जाड. पुढे बोटाच्या पेराएवढा पडदा, खाली दहा आकडे, एक खोडायचं बटण, एक हिरवं बटण. लोकांना वाटतं डिजिटल नाणी या डबीत असतात. नाणी कुठेच नसतात. ती आपली असल्याची नोंद जगभरच्या संगणकांत असते आणि डबीत असते फक्त ती खर्चायची किल्ली. किल्ली गेली की नाणी नुसती दिसत राहतात, बंद दुकानाच्या काचेमागच्या केकसारखी. सहा आकड्यांचा पिन घालून हिरवं बटण दाबायचं की डबी उघडते. पिन दहा वेळा चुकला की ती आतली किल्ली आपल्या हाताने पुसून टाकते आणि त्यानंतर कागद उडू नयेत म्हणून टेबलावर ठेवायला उपयोगी पडते.

ही डबी काढली आमच्या साहेबांनी. उंची सहा फूट दोन इंच, बोलणं त्याहून उंच. इतरांच्या डब्यांबरोबर चोवीस शब्दांचा एक कागद मिळतो, पिन विसरला तर कामी यावा म्हणून. साहेबांनी तो कागदच रद्द केला. "कागद म्हणजे भोक," ते म्हणायचे, "आणि माणूस म्हणजे त्याहून मोठं भोक." डबीच्या वापरातून माणूस वजा करायचा हे त्यांच्या संशोधनाचं सूत्र. डबी मग नक्की कुणाच्या खिशात राहणार, हा विचार पुढच्या टप्प्यासाठी राखून ठेवला होता.

मी तिथला सोल्डरिंगवाला. चिपभोवती तांदळाच्या कणीएवढे भाग असतात, ते डाग देऊन बसवायचे. माझ्या समोरच्या टेबलावर तोडबाई बसायची. तिचं खरं पद दोन ओळींचं होतं, पण काम एकच, साहेबांनी बनवलेली डबी फोडायची. दोन वर्षांत तिने डबी लेझरने भाजली, आम्लात बुडवली, क्ष-किरणांखाली धरली. एकदा ती इतकी गार केली की शेजारच्या इमारतीतले लोक आठवडाभर स्वेटर घालून कामावर येत होते. एकदा चिपला टोचायला इतकी बारीक सुई मागवली की ती टेबलावर पडली ती अजून सापडलेली नाही, आणि त्या टेबलावर तेव्हापासून कुणी डबा खात नाही. डबी फुटली नाही.

तोडबाईचा शेवटचा भरवसा विजेच्या रेघेवर होता. चिप काम करते तशी वीज कमीजास्त ओढते, आणि त्या चढउतारांवरून आत काय चाललंय ते हुशार चोराला कळतं. ही रेघ ती पडद्यावर तासन् तास बघायची. पण आमच्या खोलीत एक एसी आणि चार पंखे अखंड घरघरत असत आणि ती घरघर रेघेत उतरायची. म्हणून साहेबांनी पहिल्याच महिन्यात फिल्टर लावून, माणसाच्या कानाला ऐकू येईल तेवढा सगळा पट्टाच कापून टाकला. "त्यात नुसता कचरा असतो," ते म्हणाले. एसी बंद करून बघावा असं कुणाच्या मनात आलं नाही, कारण यंत्रांना बावीस अंश लागत. आम्ही कानांत हेडफोन घालून बसायचो.

त्या गुरुवारी दुपारी एक वाजता समिती येणार होती, डबीला सगळ्यात वरच्या श्रेणीचं प्रमाणपत्र द्यायला. सकाळी नऊ वाजता साहेबांची ताई आली.

ताईचं शिवणकामाचं दुकान. तीस वर्षं एकाच गाळ्यात, भाड्याने. आता मालक गाळा विकायला निघाला होता. आज संध्याकाळी पाचच्या आत ताईने किंमत भरली तर तिला, नाहीतर मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या माणसाला. मालक आधुनिक विचारांचा असल्यामुळे त्याला डिजिटल नाणीही चालणार होती, आणि ताईची सगळी पुंजी साहेबांच्या सल्ल्याने नाण्यांत आणि साहेबांच्याच डबीत होती. म्हणजे सगळं जमून आलं होतं.

"ठेंगू, डबी उघडत नाही," ताई म्हणाली.

सहा फूट दोन इंचांच्या माणसाला घरी ठेंगू म्हणतात हे तोडबाईला तेव्हाच कळलं. तिने तोंड पडद्याआड नेलं.

"उघडत नाही म्हणजे? पिन घाल."

"विसरले."

"विसरलीस? मग कुठे लिहून ठेवला असशील ना."

"तूच म्हणालास लिहू नकोस."

"जन्मतारीख? फोन नंबर?"

"तूच म्हणालास तसलं काही नको. ज्याला काही म्हणजे काहीच अर्थ नाही असा आकडा घे म्हणालास. घेतला. पोरीला नि जावयाला सांगू नकोस म्हणालास, नाही सांगितला. आता अर्थ नसलेला आकडा डोक्यात कसा ठेवायचा, ते तेवढं तू म्हणाला नाहीस."

"किती वेळा चुकवलास?"

"नऊ."

साहेब खाली बसले. मागे खुर्ची होती हे नशीब.

"म्हणजे एकच राहिला, ताई."

"मला मोजता येतं रे. गळ्यात टेप काय शोभेला घालते?"

साहेबांनी तिला समजावलं की या डबीला दुसरी वाट नाही. मागचं दार नाही, कागद नाही, फोन करून विनवणी करायला माणूस नाही. हेच सगळं ते एक वाजता समितीला अभिमानाने सांगणार होते. नऊ वाजता ते रडवेल्या आवाजात सांगताना बरंच वेगळं वाटलं.

"तूच बनवलीस ना?" ताईने विचारलं.

"मी बनवली म्हणूनच."

"मीही शर्ट बनवते. गिऱ्हाइकाला परत बाहेर काढता येईल अशा बेताने बनवते." मग ती तोडबाईकडे वळली. "तू काय करतेस गं इथे?"

"डबी फोडते. म्हणजे प्रयत्न करते. दोन वर्षं झाली."

"पगारावर?"

"हो."

"दर महिन्याला मिळतो?"

"हो."

"बरं आहे," ताई म्हणाली आणि पिशवी मांडीवर घेऊन बसली.

साहेबांची अवस्था बघण्यासारखी होती, म्हणून मी बघत होतो. डबी उघडली नाही तर बहिणीचा गाळा गेला. उघडली तर तीन वर्षांचं संशोधन गेलं. पहिला तासभर त्यांनी ताईच्या डोक्यावरच प्रयोग केले. पिन ठरवला तेव्हा तू कुठे होतीस? गाळ्यात. काय करत होतीस? एकाची पँट आखूड करत होते. मग पँटचं माप तर नसेल? "तेवढी अक्कल आहे मला," ताई म्हणाली. "आणि ते माप अजून पाठ आहे. कंबर छत्तीस, उंची एकोणचाळीस, आणि पैसे दिले नाहीत."

मग साहेब तोडबाईच्या टेबलाशी गेले आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, "काहीतरी असेलच ना गं? एखादं बारीकसं भोक?"

"सर, तुम्हीच लिहिलंय, नाही म्हणून. पान एकशेबारा."

इकडे ताईला हुडहुडी भरली होती. "ठेंगू, तो एसी बंद कर. इथे माणसं ठेवतोस की मासे?"

"ताई, तो बंद करता येत नाही. यंत्रांना..."

ताई माझ्याकडे वळली. "काका, बंद करा हो."

बटण माझ्या हाताशी होतं आणि मला बाईमाणसाचं ऐकायची सवय आहे. मी एसी बंद केला आणि ओघात चारही पंखे बंद केले. खोलीत शांतता झाली. ही गोष्ट तिथे इतकी नवी होती की मला आधी वाटलं कानांना दडे बसले. त्या शांततेत काय काय ऐकू आलं म्हणून सांगू. भिंतीवरचं घड्याळ चालतं हे मला त्या दिवशी कळलं. स्टोअरच्या कपाटातली वाळवीसुद्धा चावायची थांबली.

ताई डबीशी चाळा करत होती. आकडा दाबायची, खोडायची, दुसरा दाबायची.

"ताई, हिरवं बटण नको दाबूस," साहेब दचकून म्हणाले.

"नाही दाबत. नुसता आकडा दाबला नि खोडला तर मोजते का ही?"

"नाही. हिरवं दाबल्याशिवाय चूक धरत नाही."

ताईने डबी कानाशी नेली. पुन्हा दाबलं, खोडलं. "ही कुरकुरते."

"कोण?"

"डबीच. बाकीचे आकडे दाबले की कुर्र करते. सात दाबला की कुर्रर्र. जराशी लांब."

"ताई, तिच्यात फिरणारा एकही भाग नाही. आवाज येईल कुठून?"

"ते तू सांग. मला येतोय तो येतोय. मशीनचा टाका सुटला तर मी शेजारच्या दुकानात बसून ओळखते. मागे पलीकडच्या गल्लीतल्या शिंप्याची बॉबिन संपली, ते मीच त्याला ओरडून सांगितलं होतं."

ही गोष्ट खरी आहे. ताई नम्रपणाने एक गल्ली म्हणते; मध्ये दोन गल्ल्या आणि एक शाळा होती, आणि शाळेची मधली सुट्टी चालू होती.

तोडबाई उठली. तिने डबी कानाला लावली, मग टेबलावर ठेवून तिच्याजवळ एक माइक आणला, आणि आपल्या यंत्रावरचा साहेबांचा तो फिल्टर काढून टाकला. ताईने एक दाबला, दोन दाबला, करत करत सातावर आली. पडद्यावरची रेघ साताशी जरा जास्त वेळ फुगलेली दिसली. ती दोन वर्षं शोधत होती ते तिथे आडवं पडलं होतं, आम्ही कचरा म्हणून कापून टाकलेल्या पट्ट्यात.

"कपॅसिटर," तोडबाई म्हणाली. तो मी डाग देऊन बसवलेल्या कण्यांपैकी एक. वीज कमीजास्त झाली की तो अगदी सूक्ष्म थरथरतो आणि कुरकुरतो.

"पण साताला लांब का?" मी विचारलं.

साहेब फडताळावरच्या ढालीकडे बघत होते. गेल्या वर्षी ती ढाल त्यांना वेगासाठी मिळाली होती. हिरवं बटण दाबताच त्यांची डबी डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडायची, कारण ती बटणाची वाटच बघायची नाही. एकेक आकडा पडला की लगेच तो आतल्या आत तपासायला घ्यायची. चुकीचा निघाला की तिथेच हात झटकायची. बरोबर निघाला की पुढच्या कामाला लागायची, आणि तेवढी कुरकुर लांबायची. दोन वर्षं डबी स्वतः उत्तर सांगत होती आणि आम्ही हेडफोन घालून तिला लेझरने भाजत होतो.

"म्हणजे सापडणार की नाही?" ताईने विचारलं.

"सापडेल," तोडबाई म्हणाली. सांगू नये ते सांगितल्यासारखं तिने साहेबांकडे पाहिलं.

काम सरळ होतं, पण वेळ खाणारं. एकेक आकडा दहादहा वेळा ऐकावा लागे. शिवाय डबी मध्येच पंधरा मिनिटं झोपी जायची. बॅटरी वाचवायची ही सोयही साहेबांचीच. ताई कानाने ऐकायची, तोडबाई पडद्यावर बघायची. चौथ्या आकड्याला पडदा म्हणाला पाच आणि ताई म्हणाली दोन. पाच मिनिटांनी पडदाही दोन म्हणाला.

एकला दहा कमी असताना चार आकडे हाती होते. खाली गाडी थांबल्याचा आवाज आला. एरवी आला नसता.

साहेब घाईघाईने उठले. "ताई, तू स्टोअरमध्ये बस. डबी घेऊन जा. काका, एसी लावा, पंखे लावा. समिती गेली की उरलेले दोन बघू."

"किती वेळ बसतात ते?" ताईने विचारलं.

"तीन तास. फार तर चार."

"मालक पाचला सही करतोय. एका आकड्याला तुम्हाला पाऊण तास लागतोय."

"मी मालकाशी बोलतो ना."

"तू बोलशील. तू बोललास म्हणूनच मी इथे बसलेय."

ती एवढंच म्हणाली. डबी पिशवीत टाकली, टेप नीट गळ्यात घेतला आणि स्टोअरच्या दाराशी गेली. दार अर्थातच अडकलं होतं. ती खांद्याने ढकलू लागली. साहेब माझ्या टेबलाशी आले, एसीच्या बटणावर त्यांनी बोट ठेवलं आणि तिच्याकडे बघत राहिले. ताईने दुसऱ्यांदा ढकललं. दार हललं नाही.

समिती आत आली. पुढे अध्यक्ष, मागे दोन सभासद. अध्यक्षांनी मान हलवली की ते मान हलवायचे.

"एसी बंद आहे तुमचा," अध्यक्ष म्हणाले.

"हो," साहेब म्हणाले. त्यांनी बटणावरचं बोट काढून घेतलं. "जरा बसा, साहेब. आत काम चालू आहे."

"कसलं?"

"डबी फोडायचं."

"असं? फुटतेय?"

"चार आकडे फुटले. दोन राहिलेत. आवाज करू नका. ताई, ये इकडे, बस."

समितीला मी चहा दिला, पण चमचे दिले नाहीत. तिघेही न ढवळता प्यायले. पुढचे दोन तास त्या खोलीत जो शांतपणा होता तसा मी स्मशानातही पाहिलेला नाही. तिथे निदान लोक बोलतात. एकदा अध्यक्षांच्या पोटात गुरगुरलं. ताईने मान वर करून नुसतं पाहिलं, तर अध्यक्षांनी पोटावर हात ठेवून माफी मागितली. खोली तापत गेली. बावीसचे एकोणतीस अंश झाले. ज्या यंत्रांसाठी आम्ही तीन वर्षं थंडीने कुडकुडलो त्या यंत्रांना काहीही झालं नाही.

तीन वाजून दहा मिनिटांनी ताई म्हणाली, "शेवटचा शून्य."

"पडदा अजून नीट दाखवत नाहीये," तोडबाई म्हणाली. "शून्य किंवा आठ."

"शून्य."

"ताई, एकच संधी आहे," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर कमी उंचीचा झाला होता. "चुकलं तर काही उरणार नाही."

"तुझं ऐकून नाणी घेतली. तुझं ऐकून आकडा घेतला. आता एकदा माझं ऐक."

तिने शून्य दाबला, आणि साहेबांनी डोळे मिटायच्या आत हिरवं बटणही दाबलं. डबी खरंच पातं लवायच्या आत उघडली. ढाल काही उगाच मिळाली नव्हती.

पावणेचारला मालकाचा निरोप आला. नाणी मिळाली, कागदांवर सही करायला पाचला या. ताईने तो दोनदा वाचला. मग पदराने तोंड पुसलं आणि तोडबाईला म्हणाली, "तुझे कान वाईट नाहीत. फक्त वापरत नाहीस."

साहेब समितीपुढे उभे राहिले. "तुम्ही बघितलंतच. तीन वर्षं मी सांगत होतो की ही उघडत नाही. ती उघडते."

अध्यक्षांनी फाइल काढली, चष्मा लावला. दोनशे चौदा तपासण्यांची यादी होती. त्यांनी ती बोटाने वरून खालपर्यंत नेली. "लेझर आहे. आम्ल आहे. क्ष-किरण आहेत. ऐकणे," त्यांनी पान उलटून पाहिलं, "ऐकणे यात नाही."

"पण तुमच्यासमोर उघडली, साहेब."

"पाहिलं. फार प्रेक्षणीय होतं. पण यादीतल्या सगळ्या तपासण्यांत डबी उत्तीर्ण आहे, आणि यादीबाहेरचं समितीने पाहिलेलं नसतं." सभासदांनी माना हलवल्या. "सही कुठे करू?"

आता आली का पंचाईत. साहेबांना गाळाही मिळाला होता आणि प्रमाणपत्रही मिळत होतं. फक्त गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहण्याचा सराव आम्ही सगळ्यांनी नुकताच दोन तास केला होता.

ताई जायला निघाली होती. दारातून तिने सहज विचारलं, "तुमच्याकडे आहे का हो ही डबी?"

"अर्थात," अध्यक्ष म्हणाले आणि कोटाच्या खिशावर थोपटलं. "पहिल्या शंभरातली. आमची सगळी गुंतवणूक हिच्यातच आहे."

"बघू जरा," ताई म्हणाली आणि हात पुढे केला. "अजून तासभर आहे मला."

अध्यक्षांचा हात खिशावरच राहिला. दुसऱ्या हाताने त्यांनी पेन उचललं, पण एका हाताने टोपण निघेना. त्यांनी ते दातांत धरून पाहिलं. सभासद मान हलवायची की नाही या विचारात पडले. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "मुद्दा अभ्यासण्याजोगा आहे," आणि तसेच खिसा धरून जिना उतरले. खाली गाडीपर्यंत त्यांनी तो सोडला नाही, असं मी खिडकीतून बघितलं.

प्रमाणपत्र लांबलं. यादीत दोनशे पंधरावी तपासणी आली. ती करायला ताईला नेमावं असं साहेबांनी लिहून दिलं, पण अर्जात पदवीचा रकाना रिकामा राहत होता, म्हणून संस्थेने नामी तोड काढली. डब्या आता ताईकडे अल्टरेशनमध्ये जातात.

पहिली सुधारलेली डबी घेऊन साहेब स्वतः गेले. मी सोबत होतो. गाळ्याच्या दारावर नवा रंग होता, भिंतीवर ताईच्या नावाचा कागद चौकटीत लावलेला. साहेबांनी कपॅसिटर बदलला होता, तपासणी हिरव्या बटणानंतर सुरू होईल असं केलं होतं, ढाल उचलून कपाटात ठेवली होती.

"ताई, समिती सोमवारी येतेय. एकदा ऐकून घे ना."

ताईने मशीनवरून मान वर केली नाही. "ठेव तिथे. तुझ्या आधी एक चेन आहे, दोन कॉलर आहेत."

"अगं, ही संशोधनाची..."

"ठेंगू, रांग आहे."

साहेबांनी डबी फळीवर ठेवली. त्यांच्यापुढे एक माणूस फाटक्या चेनची पँट हातात धरून उभा होता. साहेब त्याच्यामागे जाऊन उभे राहिले.